एका नावाची सोळा वर्षे

सन २०२० च्या जानेवारी महिन्यात उस्मानाबाद येथे त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते, ही गोष्ट वाचकांच्या स्मरणात असेलच. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान मिळाला म्हणून काही ठिकाणांहून विरोधाचे सूर उमटले होते. परंतु मराठवाड्याच्या रसिकांनी या पाहुण्याचे स्वागत मनापासून केले. प्रकृती साथ देत नसतानाही फादर व्यासपीठावर आले आणि बोलले. आम्ही काही वसईकर श्रोत्यांत बसलो होतो. त्या दिवशी आमची छाती थोडी फुगली होती, हे कबूल केले पाहिजे.

परतीच्या वाटेवर वेरूळची लेणी पाहावीत म्हणून आम्ही औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मुक्काम केला. तारीख होती १४ जानेवारी. विद्यापीठाच्या रस्त्याला रिक्षा घालण्यास रिक्षावाल्याने साफ नकार दिला. आज तिकडे पाय ठेवायला जागा नाही, चालतच जा, असे तो म्हणाला. गेलो. पांढऱ्या वस्त्रांतील माणसांची रीघ लागलेली होती, निळे झेंडे होते, आणि जत्रेत खेळण्यांची दुकाने मांडावीत तशी पुस्तकांची दुकाने रस्त्याच्या कडेने मांडलेली होती. विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी येताच लोक थांबत, चपला काढीत आणि त्या दगडी कमानीवर डोके टेकवीत. रमेदी मातेच्या यात्रेला आपल्या आयाबाया पायरीवर डोके टेकवितात, अगदी तसेच. एका वृद्ध बाईंशी आम्ही बोललो. त्यांच्या घरातले कोणीही त्या विद्यापीठात शिकले नव्हते. थोरला मुलगा दहावीपर्यंत गेला होता, तेवढेच. तरीही दरवर्षी त्या येत होत्या.

ज्या विद्यापीठात आपल्या घरचे कोणी कधी शिकले नाही, त्याच्या दारावर माणूस डोके का टेकवतो? हा प्रश्न घेऊन आम्ही वसईला परतलो. पुढे मिळेल ते वाचले, जुनी कात्रणे चाळली, आणि आमच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतील एक आठवण, जी आम्ही सोयीस्करपणे बाजूला ठेवली होती, तीही त्या निमित्ताने पुन्हा समोर आली.

मराठवाड्याची कथा आपण वसईकरांना फारशी ठाऊक नसते. आपला प्रांत पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज यांच्या हातून गेला. मराठवाडा मात्र १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद असे हे पाच मराठी जिल्हे. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवण्यात आले. एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, हे मान्य करावयास हवे. परंतु परभणीच्या किंवा बीडच्या मराठी मुलाला त्यासाठी घरची भाषा दाराबाहेर ठेवावी लागे. संस्थान मुक्त झाले, मराठवाडा महाराष्ट्राशी जोडला गेला, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. मुंबई विद्यापीठाच्या कारभारात उभी हयात घालविलेले डोंगरकेरी त्याचे पहिले कुलगुरू झाले. ज्यांनी निजामाविरुद्धच्या लढ्यात तुरुंगवास भोगला होता, त्यांच्या दृष्टीने 'मराठवाडा' हे त्या विद्यापीठाचे नाव म्हणजे लढ्याचे फळ होते. पुढच्या कथेत त्यांची बाजू समजून घेण्यासाठी हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

परंतु त्याच शहरात विद्यापीठाच्या आधीपासून एक महाविद्यालय उभे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. तिचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये मुंबईत सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत. नंतर बाबासाहेबांची दृष्टी मराठवाड्याकडे वळली. १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू झाले आणि पुढच्या वर्षी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. परिसराला नाव मिळाले नागसेनवन. ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्षू नागसेन उत्तरे देतो. महाविद्यालयासाठी याहून समर्पक नावे आम्हांला तरी सुचणार नाहीत. खेड्यापाड्यांतून, महारवाड्यांतून आलेली मुले येथल्या वसतिगृहांत राहिली, शिकली, लिहू लागली. तेथील प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालविले आणि दलित साहित्याला स्वतःचे व्यासपीठ मिळाले. मराठवाड्यात उच्च शिक्षणाचा पाया कोणी घातला, या प्रश्नाचे उत्तर या मुलांच्या मनात अगदी स्पष्ट होते.

या विद्यार्थ्याची ओळखही त्या काळात बदलत होती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर तो बौद्ध झाला. गावाच्या लेखी मात्र तो होता तोच राहिला आणि सरकारच्या लेखी त्याचे कोडे झाले. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या यादीत केवळ हिंदूंना स्थान होते. महाराष्ट्र शासनाने आपल्यापुरत्या सवलती बौद्धांना दिल्या, पण केंद्राची यादी त्यांच्यासाठी उघडली ती १९९० साली. शिखांसाठी ती १९५६ मध्येच उघडली होती. ख्रिस्ती दलित आजही तिच्या बाहेर उभे आहेत. प्रवेशअर्जातील 'धर्म' आणि 'जात' हे दोन रकाने एका तरुणाला किती छळू शकतात, हे आपल्या ख्रिस्तसभेतील अहमदनगरकडच्या बांधवांना विचारावे.

विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, ही मागणी १९७० च्या दशकात पुढे आली. तोवर १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झालेली होती आणि तरुणांचा आवाज चढलेला होता. आश्चर्य वाटेल, पण आरंभी दलितेतर विद्यार्थी कार्यकर्त्यांपैकी काहींनी या मागणीस पाठिंबा दिला होता, आणि १९७७ मध्ये विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळानेही अनुकूल ठराव केला होता. म्हणजे विद्येच्या घरात प्रश्न जवळजवळ सुटलेला होता. घराबाहेर मात्र त्याविषयी कोणी कोणाशी बोलले नव्हते.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला. शरद पवारांचे सरकार येऊन तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते. मुंबईत ठराव झाला आणि मराठवाड्यात आग लागली. ही आग कोठे लागली, हे पाहण्यासारखे आहे. ती विद्यापीठाच्या ग्रंथालयाला लागली नाही की कुलगुरूंच्या बंगल्याला लागली नाही. शेकडो गावांतील दलित वस्त्यांना ती लागली. घरे जळाली, विहिरी बाटविल्या गेल्या, माणसे मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले, कुटुंबेच्या कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी शहरांकडे पळाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची ४ ऑगस्ट रोजी क्रूर हत्या झाली. ते कोणी प्राध्यापक नव्हते की पदवीधर नव्हते. ज्यांनी विद्यापीठ कधी पाहिलेही नव्हते, त्यांनी विद्यापीठाच्या नावाची किंमत मोजली. शासनाने ठरावाची अंमलबजावणी थांबविली.

विरोधकांचे म्हणणे काय होते? गोविंदभाई श्रॉफ, 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांच्यासारखी मुक्तिसंग्रामातून तावून-सुलाखून निघालेली माणसे नामांतराच्या विरोधात होती. मराठवाड्याची अस्मिता पुसली जाईल, असे त्यांना वाटत होते. ही माणसे वस्त्या जाळणारी नव्हती. परंतु त्यांच्या युक्तिवादाच्या आडोशाला दुसरेच काही उभे होते, असे आमचे मत आहे. गावात जो काल वेठीला होता, त्याचा मुलगा शिष्यवृत्तीवर शिकून कचेरीत बसू लागला होता. जमीन कोरडवाहू, नोकऱ्या मोजक्या, आणि पदवी घेऊन घरी बसलेल्या सवर्ण मुलाला राखीव जागेवरचा दलित मुलगा डोळ्यांत सलत होता. दुसऱ्या बाजूला एस. एम. जोशी आणि बाबा आढाव यांच्यासारखे दलितेतर नामांतरासाठी लोकांचा रोष पत्करून उभे राहिले. तेव्हा हा केवळ दोन जातींचा झगडा होता, असेही कोणी म्हणू नये.

आता आमची ती आठवण. १९७८ च्या त्या पावसाळ्यात आम्ही मुंबईच्या एका महाविद्यालयात शिकत होतो. वसईत १९७१ साली वर्तक महाविद्यालय सुरू झालेले होते, तरी बरीच मुले मुंबईलाच जात. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आल्यापासून वसईच्या विद्यार्थ्याचे निम्मे आयुष्य लोकलमध्येच गेले आहे. मुंबईत पाऊल ठेवले की आम्ही कोण, हा प्रश्न रोज नव्याने पडे. इंग्रजीत वाढलेल्या शहरी कॅथलिक मुलांना आम्ही गावंढळ वाटत असू, कारण आमची शाळा मराठी, प्रार्थना मराठी, आणि आपापसांत बोलायचे ते कादोडीत. मराठी हिंदू मुले नाव ऐकताच विचारीत, "तुम्ही ख्रिश्चन, मग इतके चांगले मराठी कसे बोलता?" चारशे वर्षांपूर्वीच्या एका आडनावाने आमची मायबोली संशयास्पद ठरत असे. तेव्हा ओळखीचा प्रश्न आम्हांला ठाऊक नव्हता असे नाही.

आमच्या वर्गात परभणी जिल्ह्यातील एक बौद्ध विद्यार्थी होता. वसतिगृहात राहायचा, आमच्या डब्यातील बोंबलाचे कालवण त्याला फार आवडे. ऑगस्ट उजाडला तेव्हा त्याच्या गावाकडून पंधरा दिवस पत्र आलेले नव्हते. एके दुपारी त्याने सहज विचारले, "तुमच्यात जात असते का रे?" आम्ही क्षणाचाही विलंब न लावता "नाही" असे उत्तर दिले. वाचकहो, त्याच महिन्यात आमच्या आळीत एक सोयरीक मोडली होती. मुलगा सामवेदी, मुलगी कोळी. दोघेही एकाच धर्मग्रामातील, एकाच वेदीवर प्रथम कम्युनियन घेतलेले. हे आम्हांला ठाऊक होते. तरी "नाही" म्हणालो, आणि तो मित्र काही बोलला नाही. नामांतराविषयी आम्ही त्याला एक शब्दही विचारला नाही. तो त्यांचा प्रश्न आहे, अशीच आमची समजूत होती. पुढे तो पत्र आल्यावर गावी गेला आणि त्या वर्षी परत आला नाही.

एक धर्म असला म्हणजे माणसे एक होतात, ही समजूत आपल्याकडेच आहे असे नाही. बेल्जियममधील लूव्हेनचे कॅथलिक विद्यापीठ १४२५ साली पोपमहाशयांच्या आज्ञापत्राने स्थापन झाले. शिक्षक कॅथलिक, विद्यार्थी कॅथलिक, आणि अधिकार बिशपांचा. परंतु विद्यापीठाचे गाव फ्लेमिश भाषकांच्या मुलखात आणि प्रतिष्ठेची भाषा फ्रेंच. फ्लेमिश शेतकऱ्याच्या मुलाला आपल्याच गावातील विद्यापीठात उपरे वाटे. १९६६ च्या मे महिन्यात बिशपांनी विद्यापीठ अखंडच राहील, असे निवेदन काढले आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. फ्रेंच विभाग येथून हलवा, ही त्यांची मागणी. १९६८ च्या फेब्रुवारीत या प्रश्नावर देशाचे सरकार पडले आणि अखेर विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. फ्रेंच भाषकांसाठी मोकळ्या शेतांत नवे गाव वसविण्यात आले. ग्रंथालयाची वाटणी करताना ज्यांचे क्रमांक सम ती पुस्तके एकाला, विषम ती दुसऱ्याला, असा हिशोब झाला. भाऊबंदकीत तांब्या-पितळेची भांडी वाटावीत तसा हा प्रकार.

त्याच लूव्हेनमध्ये १९३० पूर्वी शिकलेला एक फ्लेमिश तरुण पुढे येशूसंघीय होऊन आपल्या देशात आला. ते म्हणजे फादर कामिल बुल्के. विद्यार्थी असताना त्यांनी फ्लेमिश भाषेच्या चळवळीत भाग घेतला होता. इकडे आल्यावर इंग्रजीपुढे हिंदी मान खाली घालून उभी आहे, हे पाहून त्यांना आपल्या घरची आठवण झाली. अलाहाबाद विद्यापीठात रामकथेवरील प्रबंध हिंदीतूनच लिहीन, असा त्यांनी आग्रह धरला. तेव्हा प्रबंध इंग्रजीत लिहिण्याचा नियम होता. विद्यापीठाने तो नियम बदलला. एका विद्यार्थ्याच्या हट्टापायी विद्यापीठ बदलले आणि कोणाचे छप्पर जळले नाही, असेही घडू शकते. अर्थात, बुल्के गोरे धर्मगुरू होते आणि त्यांना कोणी वेशीबाहेर बसवलेले नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

मराठवाड्यातील विद्यार्थ्याला ती सवड नव्हती. १९७९ च्या नोव्हेंबरात जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. नोकरदार, मजूर, विद्यार्थी आणि कडेवर मुले घेतलेल्या बाया त्यात पायी चालत होत्या. वाटेत अटका झाल्या, लाठ्या पडल्या. नंतरची वर्षे मोर्चे, सत्याग्रह, तुरुंगवास यांत गेली. मंत्रिमंडळे बदलत गेली, प्रत्येक जण योग्य वेळेची भाषा बोलत राहिला. या काळात विद्यापीठाने काय केले? परीक्षा घेतल्या, निकाल लावले. जे काम एका विद्यापीठाचेच होते, म्हणजे गावोगाव जाऊन हे नाव कोणाचे आहे, या माणसाने घटनेच्या रूपाने सर्वांना काय दिले, हे शिकविण्याचे काम, ते त्या सोळा वर्षांत झाले असते तर? ज्याला शिकवायचे, त्याच्यापर्यंत जायचेच नाही आणि मग तो अडाणी आहे म्हणून हळहळायचे, ही आपल्या उच्च शिक्षणाची जुनी खोड आहे. आमच्या कॅथलिक महाविद्यालयांतूनही त्या काळी या विषयावर काही चर्चा झाल्याचे आमच्या तरी कानांवर आले नाही.

२५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे या तरुणाने नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ जानेवारी १९९४ रोजी, निर्णय झाला. तेव्हाही मुख्यमंत्री शरद पवारच होते. त्या वर्षी त्या दिवशी मकरसंक्रांत होती. मात्र जुने नाव काढून टाकले गेले नाही. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असे दोन्ही नावांना सामावून घेणारे नाव ठरले. नामांतर हा शब्द मागे पडला आणि नामविस्तार हा नवा शब्द मराठीला मिळाला. काहींना ती तडजोड वाटली, काहींना आजही वाटते. मागितले होते ते पूर्ण मिळाले नाही आणि नाकारले होते ते पूर्ण टळले नाही. आम्हांला मात्र त्या लांबलचक नावात एक प्रामाणिकपणा दिसतो. दोन्ही बाजूंची माणसे त्याच एका गावात राहणार होती, हे त्या नावाने मान्य केले.

त्यानंतर महाराष्ट्रात विद्यापीठांची नावे बदलणे हे नित्याचे होऊन गेले. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले, जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे, सोलापूरच्या विद्यापीठाला त्याच्या पुढच्या वर्षी अहिल्यादेवींचे. आपल्या वसईत संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले. वसईच्या आईच्या पोटी जन्मलेल्या आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर प्राण ठेवलेल्या या संताचे नाव गुणपत्रिकेवर मिरविण्यासाठी आपल्यापैकी कोणालाही घर सोडावे लागले नाही. आपल्याला ते सहज मिळाले, म्हणून आपल्याला त्याचे काही वाटतही नाही. पंधरा-सोळा वर्षांची आमची नात तेथे जाते. गोन्सालो गार्सिया कोण, हे तिला विचारले तर ती आधी फोनमध्ये पाहते.

या सोळा वर्षांच्या कथेला आणखी एक शेपूट आहे. नामविस्तार झाल्यावर आठ महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे हैदराबाद मुक्तिदिनी, मराठवाड्याचे दुसरे विद्यापीठ नांदेडला स्थापन झाले. त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव देण्यात आले. ज्या मुक्तिसंग्रामाची आठवण पुसली जाईल असे भय होते, त्याच संग्रामाच्या नेत्याचे हे नाव. नांदेड, परभणी आणि लातूरकडची महाविद्यालये औरंगाबादच्या विद्यापीठातून निघून या नव्या विद्यापीठाला जोडली गेली. पोचिराम कांबळे नांदेड जिल्ह्यातले, आणि गौतम वाघमारे यांनी नांदेडातच प्राण दिला. आज टेंभुर्णीचा मुलगा बी.ए. झाला, तर त्याच्या पदवीपत्रावर रामानंद तीर्थांचे नाव असते. बाबासाहेबांचे नाव पाहावयाचे असेल, तर १४ जानेवारीला त्याला औरंगाबादची गाडी धरावी लागते. त्या दिवशी प्रवेशद्वारापाशी भेटलेल्या त्या वृद्ध बाई कोठून आल्या, हे विचारले तेव्हा त्यांनी नांदेडकडचेच एक गाव सांगितले होते.